कुणी, कोणत्या वयात, किती

गांजाविषयी आपल्याकडे दोन वाक्ये फार सहज बोलली जातात. गांजाने माणूस वेडा होतो, हे एक. गांजा दारूपेक्षा बरा, शेवटी झाडपालाच आहे, खुद्द शंकराला चालतो, हे दुसरे. जालन्यात कुंडलिकेकाठी, अठराव्या शतकातल्या गढीच्या आसऱ्याने वाढलेल्या मस्तगडसारख्या जुन्या वस्तीत ही दोन्ही वाक्ये एकाच गल्लीत ऐकू येऊ शकतात, कधी एकाच घरात: पहिले वडिलांच्या तोंडी आणि दुसरे मुलाच्या. दोन्ही वाक्यांत थोडे सत्य आहे, म्हणूनच ती टिकली. दोन्ही अर्धवट आहेत, म्हणूनच ती घातक आहेत. पुढच्या पानांत या वनस्पतीचे रसायन, कायदा आणि उपचार यांविषयी सविस्तर येईलच. त्याआधी या प्रस्तावनेत एकच गोष्ट मांडायची आहे. ‘गांजा चांगला की वाईट’ हा प्रश्नच चुकीचा आहे. कुणी घेतला, कोणत्या वयात, किती वेळा, किती कडक आणि कशात मिसळून, या प्रश्नांच्या उत्तरांत खरा धोका दडलेला आहे. तो नेमका सांगितला नाही, फुगवून किंवा झाकून सांगितला, तर ज्याला इशाऱ्याची सर्वांत जास्त गरज आहे त्याच्यापर्यंतच तो पोहोचत नाही.

आधी वस्तूची ओळख. भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपे आहेत. पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि त्यावरचा चिकट राळेसारखा स्राव म्हणजे चरस. नशा आणणारे मुख्य द्रव्य टीएचसी. त्याची रचना इस्रायलमध्ये राफेल मेशूलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये उलगडली. पानांत ते कमी असते, शेंड्यांत अधिक आणि चरसात बहुधा सर्वांत जास्त. चिलमीतून ओढले की काही मिनिटांत अंमल चढतो. पोटातून घेतले की अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत काहीच जाणवत नाही आणि मग एकदम चढते. धुळवडीला थंडाई पिऊन ‘काहीच होईना’ म्हणत दुसरा आणि तिसरा पेला घेणाऱ्याची रात्री छाती धडधडते, जीव जातो की काय असे वाटते, त्यामागे हे साधे वेळापत्रक असते. शिवाय आजचा माल आजोबांच्या काळातला नाही. अमेरिकेत जप्त झालेल्या मालाची वर्षानुवर्षे तपासणी होते. तिथे १९९५च्या सुमारास टीएचसीचे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास होते, ते आता पंधरा टक्क्यांच्या घरात गेले आहे. आपल्या बाजारातल्या पुडीवर प्रमाण छापलेले नसते. कडकपणा किती हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही.

वेडाच्या समजुतीचा इतिहास जरा सावकाश पाहण्यासारखा आहे, कारण ती समजूत कागदावर कशी चढली याचा पुरावा आपल्याच देशात जपलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरली आहेत, अशी ओरड इंग्लंडमध्ये सुरू झाली. मार्च १८९३ मध्ये विल्यम केन या खासदाराने पार्लमेंटात प्रश्न विचारला आणि त्याच वर्षी सरकारने एक आयोग नेमला. मॅकवर्थ यंग अध्यक्ष आणि सदस्यांत तीन हिंदी गृहस्थ. आयोगाने १,१९३ साक्षी घेतल्या, सात खंडांचा अहवाल लिहिला. पण त्याचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे इस्पितळांच्या नोंदवह्या उघडून पाहणे. मुंबई इलाख्यात कुलाबा, पुणे, रत्नागिरी इथे अशी इस्पितळे होती. वेडाचे कारण या रकान्यात ‘गांजा’ लिहिलेले पुष्कळ सापडे. ते लिहिले कुणी? बहुतेकदा रुग्णाला आणून सोडणाऱ्या पोलिसाच्या कागदावरून कारकुनाने. भटक्या, बेवारस माणसाची कुळकथा कुणालाच माहीत नसे, रकाना रिकामा ठेवायची सोय नसे आणि गांजा हे कारण सगळ्यांना पटण्याजोगे होते. आयोगाने १८९२ या एका वर्षातली प्रकरणे घेऊन गावोगाव चौकशी लावली. त्या वर्षी दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावापुढे गांजा, भांग किंवा चरस हे कारण होते. चौकशीनंतर त्यांपैकी फक्त ९८ प्रकरणांत संबंध मानता येईल असे ठरले आणि त्यांतही काहींना दारू किंवा आनुवंशिकता अशी दुसरी कारणे जोडलेली होती.

या आकड्यांतून दोन निष्कर्ष निघतात आणि लोक आपल्या सोयीचा एकच उचलतात. २२२चे ९८ झाले, म्हणजे निम्म्याहून अधिक नोंदी निव्वळ समजुतीच्या होत्या, हा पहिला. पण ९८चे शून्य झाले नाही, हा दुसरा. इतकी छाननी करूनही काही माणसे उरली, ज्यांच्या आजाराचा धागा गांजाकडे जात होता. आयोगाने मर्यादित सेवनाचे दुष्परिणाम जवळजवळ नाहीत आणि अतिसेवनाचे निश्चित आहेत असे म्हटले आणि सरसकट बंदीची शिफारस केली नाही. तीन हिंदी सदस्यांपैकी दोघांनी, राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद यांनी, भिन्नमत नोंदवले. गांजा निर्दोष असल्याचे प्रशस्तिपत्र म्हणून हा अहवाल आज नाचवला जातो, त्यावर एक रास्त आक्षेप आहे: सरकारला गांजाच्या अबकारीतून उत्पन्न होते, नगर जिल्ह्यातल्या लागवडीवरही त्याचे नियंत्रण होते, मग आयोग बंदी कशाला सुचवील? आक्षेप खरा आहे. म्हणूनच त्याच्या शिफारशींना वैद्यकीय सल्ल्याचे वजन देऊ नये. सव्वाशे वर्षांपूर्वीचा माल, तो घेणाऱ्यांचे वय, मेंदूविषयीचे ज्ञान, सगळेच वेगळे होते. त्या अहवालातून घ्यायची ती पद्धत: रकान्यात लिहिलेल्या कारणावर विश्वास न ठेवता माणसाच्या गावापर्यंत जाऊन विचारणे.

तीच पद्धत अधिक काटेकोरपणे वापरून गेल्या चाळीस वर्षांत जे हाती आले, ते त्या ९८ माणसांच्या बाजूने बोलते. स्वीडनमध्ये लष्करी भरतीसाठी आलेल्या पंचेचाळीस हजारांवर तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेतला गेला. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, भरतीपूर्वी पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांना पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट दिसले. २०१९ मध्ये मार्ता दी फोर्ती आणि सहकाऱ्यांनी युरोप व ब्राझीलमधल्या शहरांतली माहिती मांडली: रोज ओढणाऱ्यांत मनोविकृतीचा धोका सुमारे तिप्पट आणि दहा टक्क्यांहून अधिक टीएचसीचा कडक माल रोज ओढणाऱ्यांत जवळजवळ पाचपट. यावर तज्ज्ञही एक आक्षेप घेतात. आजार आधीच सुरू झालेला असेल, मन अस्वस्थ असेल आणि त्यावर उतारा म्हणून माणूस गांजाकडे वळला असेल. किंवा दोन्हींची मुळे एकाच आनुवंशिकतेत असतील. हा आक्षेप काही अंशी टिकतो. घराण्यात मनोविकार असलेल्यांना धोका अधिक असतो, हेही खरे. पण मात्रा वाढली की धोका वाढतो, कडकपणा वाढला की धोका वाढतो आणि वय कमी असेल तर तो आणखी वाढतो, ही चढण केवळ उलट्या क्रमाने समजावून सांगता येत नाही. त्याच वेळी हेही बजावून सांगितले पाहिजे की स्किझोफ्रेनिया मुळातच जगात साधारण तीनशे माणसांत एकाला असणारा आजार आहे. धोका कैकपटीने वाढला तरी ओढणाऱ्यांतल्या बहुसंख्यांना तो होणार नाही. ‘गांजाने माणूस वेडा होतो’ असे मुलाला सांगणारे वडील इथेच हरतात. मुलाला पाच मित्र माहीत असतात जे ओढतात आणि वेडे झालेले नाहीत. त्याला सांगायला हवे ते वेगळे आहे: तुझ्या मामाला हा आजार होता, तू सोळा वर्षांचा आहेस आणि रोज ओढतोस, म्हणून तुझा धोका त्या पाच जणांसारखा नाही.

वयाचा मुद्दा इतका मोठा आहे की बाकीचे सगळे त्यानंतर. मेंदूची बांधणी विशीच्या मध्यापर्यंत चालू असते आणि टीएचसी ज्या जागी जाऊन बसते, त्या जागा या बांधणीत कामाला लागलेल्या असतात. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात जन्मलेल्या सुमारे हजारभर मुलांचा जन्मापासून अभ्यास चालू आहे. किशोरवयात सुरू करून वर्षानुवर्षे सेवन चालू ठेवणाऱ्यांचा बुद्ध्यंक अडतिसाव्या वर्षापर्यंत सरासरीने आठ गुणांपर्यंत घसरला, असे त्यांतून २०१२ मध्ये मांडले गेले. पुढे जुळ्या भावंडांच्या अभ्यासात ओढणारा आणि न ओढणारा यांच्यात तसा फरक सापडला नाही, त्यामुळे कायमचे नुकसान नेमके किती यावर वाद आहे आणि तो वाद लपवण्याचे कारण नाही. वाद नाही तो रोजच्या सेवनाने आज होणाऱ्या नुकसानीवर. स्मरण, लक्ष, नवे शिकण्याची ताकद ओढणे चालू असेपर्यंत मंद राहते. दहावीच्या किंवा भरतीच्या वर्षात ती दोन वर्षे मंद राहिली, तर पुढे मेंदू सावरला तरी वर्षे सावरत नाहीत. ‘गांजाची सवय लागत नाही’ हे तर सरळ असत्य आहे. कधीतरी ओढणाऱ्यांपैकी साधारण अकरातला एक पुढे व्यसनात अडकतो, असा जुना आणि पुष्कळ वापरला गेलेला अंदाज आहे. सुरुवात किशोरवयात झाली, तर सहातला एक. अलीकडच्या काही अभ्यासांत हे प्रमाण याहून मोठे निघाले आहे.

आता दुसरे वाक्य, दारूपेक्षा बरा. भारतापुरते आकडे आहेत. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार दहा ते पंचाहत्तर वयोगटात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि ५.७ कोटींना त्यासाठी मदतीची गरज आहे. भांग-गांजा-चरस घेणारे सुमारे ३.१ कोटी, त्यांत भांग घेणारे २.२ कोटी आणि गांजा-चरसवाले १.३ कोटी, मदतीची गरज ७२ लाखांना. दारूने यकृत जाते, घर मोडते, रस्त्यावर माणसे मरतात. निव्वळ गांजाच्या अतिमात्रेने प्रौढ माणूस मेल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत. हे सगळे खरे आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवे. पण यावरून निघते एवढेच की दारूविषयी आपण अजून पुष्कळ गंभीर व्हायला हवे. पंधरा वर्षांच्या मुलासमोर निवड दारू की गांजा अशी नसते, बहुधा दोन्ही एकाच कट्ट्यावर असतात. त्याच पाहणीतली आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भांग घेणारे संख्येने अधिक असूनही व्यसनात गेलेल्यांचे प्रमाण गांजा-चरस ओढणाऱ्यांत जास्त आहे. शिवरात्रीला वडीलधाऱ्यांसमोर वर्षातून एकदा घेतलेला पेला आणि रोज संध्याकाळी पटरीकडेला भरलेली चिलीम यांना एकच नाव आणि एकच परंपरा लावून चालत नाही. शंकराचे नाव घेणाऱ्याची श्रद्धा मी खोटी ठरवत नाही. परंपरेने घातलेली तिथीची, वयाची आणि सोबतीची बंधने सोडून फक्त नशा उचलली, तर ती परंपरा उरत नाही, एवढेच म्हणणे आहे. ‘आयुर्वेदात आहे’ म्हणणाऱ्यांनीही पूर्ण वाचावे. भांगेची गणना तिथे उपविषांत आहे, शोधन केल्याशिवाय ती वापरत नाहीत आणि आजच्या औषध कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या परिशिष्टातही तिचे नाव आहे.

औषध म्हणून काय हाती आहे, तेही नेमके सांगता येते. अपस्माराच्या दोन दुर्मीळ आणि कठीण प्रकारांसाठी कॅनाबिडिऑल हे नशा न आणणारे द्रव्य अमेरिकेत २०१८ मध्ये मान्य झाले. केमोथेरपीनंतरची मळमळ, मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा, प्रौढांच्या काही जुनाट वेदना यांतही उपयोगाचा पुरावा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये या वनस्पतीला सर्वांत कडक यादीतून काढले, तेव्हा २७ विरुद्ध २५ असे मतदान झाले आणि भारताने बाजूने मत दिले, ते याच कारणाने. कॅन्सर बरा होतो हा दावा मात्र माणसांवरच्या चाचण्यांत सिद्ध झालेला नाही. त्या आशेवर उपचार सोडणाऱ्याचे नुकसान गांजाच्या सगळ्या नशेहून मोठे आहे. आपल्याकडे चिलमीत किंवा विडीत गांजा एकटा जात नाही, तंबाखूबरोबर जातो, आणि तंबाखूचे दोन्ही धोके, फुप्फुसाचे आणि तलफेचे, गांजाच्या नावाखाली बिनबोभाट येतात. वर्षानुवर्षे ओढणाऱ्या काहींना पुन्हा पुन्हा उलट्यांचे झटके येतात आणि गरम पाण्याने अंघोळ केल्यावरच तात्पुरता आराम पडतो. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी हा विकार प्रथम नोंदवला. रुग्ण मात्र गांजाने मळमळ थांबते या समजुतीने आणखी ओढत राहतो. ओढून गाडी चालवली तर अपघाताची शक्यता लक्षणीय वाढते. जालना समृद्धी महामार्गावरचे गाव आहे आणि इथल्या रोलिंग मिलमध्ये तापलेल्या लोखंडाशेजारी माणसे पाळीत काम करतात. अर्ध्या सेकंदाच्या उशिराची किंमत इथे निराळी सांगायला नको. एक पुडी ओढली की पुढची पायरी गर्दच, या समजुतीला मात्र पुरावा नाही. बहुसंख्य ओढणारे तिथे कधीच जात नाहीत आणि जे जातात, त्यांच्या वाटेवर तंबाखू आणि दारू बहुधा आधीच भेटलेली असते.

एका धोक्याविषयी डॉक्टर बोलत नाहीत, कारण तो शरीराचा नाही. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात शेंड्याविना नुसती पाने गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, त्यामुळे भांग सगळीकडे मोकळी आहे असे लोक धरून चालतात. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याविना भांग बाळगणे हाही गुन्हा आहे. ‘किलोच्या आत असेल तर काही होत नाही’ ही तर पोरांमधली सर्वांत महागडी अफवा. एक किलोपर्यंतचा गांजा कायद्याने अल्प प्रमाण मानला जातो, पण अल्प प्रमाणालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. वीस किलोच्या वर किमान दहा वर्षे. तुरीत किंवा उसात चार झाडे लावणाऱ्या शेतकऱ्याला लागवडीसाठी दहा वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकते. पोलीस किंवा सैन्य भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या मुलाला चारित्र्य पडताळणीत एक गुन्हा पुरतो. अशा मुलाच्या आयुष्याची हानी मोजायला बसलो, तर गांजाने केलेल्या हानीहून खटल्याने केलेली मोठी निघेल. हे मी कायदा मोडण्याची वकिली म्हणून लिहीत नाही. नुसते सेवन करणाऱ्याला तुरुंगाऐवजी उपचाराकडे पाठवावे, हे माझे मत आहे. पोर्तुगालने २००१ पासून सर्वच अमली पदार्थांच्या वैयक्तिक वापराबाबत ती वाट धरली आहे, आणि आपल्या कायद्यातही तिचे बीज आहे: कलम ६४ अ प्रमाणे, स्वतःहून उपचाराला आलेल्या आणि ते पूर्ण करणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या खटल्यापासून संरक्षण मिळते. हे कलम पालकांना माहीतच नसते.

राहतो तो शिक्षक आणि पालकांचा आक्षेप, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. सगळे इतके तोलून सांगितले तर मुले ‘बहुतेकांना काही होत नाही’ एवढेच वाक्य उचलतील. भीती थोडी खोटी असली तरी ती दूर ठेवते ना, मग राहू द्या. भीतीचा हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. अमेरिकेत १९८३ पासून पोलीस शाळाशाळांत जाऊन मुलांना ‘नाही म्हणा’ असे शिकवत. ‘डेअर’ नावाच्या त्या उपक्रमावर प्रचंड खर्च झाला आणि पुढच्या मूल्यमापनांत दिसले की ती शिकवण मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांच्या सेवनात फरक जवळजवळ नव्हता. कारण उघड आहे. पहिल्या झुरक्यानंतर दुसऱ्या दिवशी मूल शहाणेसुरते उठते आणि सांगणाऱ्याने बाकी जे सांगितले तेही खोटेच असणार असे ठरवते. मग सहातल्या एकाचा आकडा, रोजच्या कडक मालाचा इशारा, घराण्यातल्या आजाराची आठवण, यांतले काहीच त्याच्या कानात शिरत नाही. फुगवलेल्या भीतीची किंमत कधीमधी ओढणारा भरत नाही. ती भरतो तो रोजचा ओढणारा, आणि नेमके त्यालाच आपल्याला गाठायचे आहे.

त्याला गाठायचे कुठे आणि कसे, यावर मराठी मुलखात अनुभव कमी नाही. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, ते गर्दच्या लाटेत. पण व्यसनी माणूस गुन्हेगार नसून रुग्ण आहे, ही तिथली भूमिका गांजालाही तितकीच लागू पडते. राज्याची चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत, मराठवाड्यापासून लांब. म्हणून पहिली पायरी जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग आणि फोन: व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६. मुलगा एकटाच बोलू लागला, कुणीतरी माझ्यावर पाळत ठेवतेय म्हणू लागला, रात्र रात्र जागू लागला, तर बाहेरचे काही लागले म्हणून देवऋषीकडे आठवडे घालवू नयेत. मनोविकृतीवर उपचार जितके लवकर सुरू होतात, तितके सावरणे सोपे जाते, हे पुष्कळ अभ्यासांत दिसले आहे. गांजा सोडवणारी खात्रीची गोळी अजून नाही. समुपदेशन, घरच्यांची साथ आणि संगत बदलणे, यांवरच भर असतो. रोज ओढणाऱ्याने थांबवले की एक-दोन दिवसांतच चिडचिड सुरू होते, जेवण जात नाही, झोप उडते, घाम येतो आणि पहिल्या आठवड्यात हे सर्वांत जास्त असते. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो, विचित्र स्वप्ने आणि तुटक झोप थोडी अधिक रेंगाळतात. घरात हे आधी माहीत नसले, तर नेमक्या त्या पहिल्या आठवड्यात वाद पेटतो, ‘सोडल्यावर तू जास्तच बिघडलास’ असे कुणीतरी बोलून जाते आणि मुलगा पुन्हा कट्ट्यावर जाऊन बसतो.